देव, पुनर्जन्म आणि एक दोनशे पानी वही

आमच्या बाबांच्या दहाव्याला कावळा शिवेना. पुण्यातला ओंकारेश्वराचा घाट, नोव्हेंबरातली सकाळ. साडेनऊला पिंड मांडले आणि सव्वाअकरा झाले तरी समोरच्या झाडावरचे कावळे ढिम्म. शेजारी ज्यांचं चाललं होतं त्यांच्या पिंडाला तेच कावळे दोन मिनिटांत शिवून गेले. मग आमच्याकडे आश्वासनं सुरू झाली. धाकटा भाऊ हात जोडून म्हणाला, "बाबा, आईची काळजी करू नका." काही नाही. काका पुढे झाले, "दादा, गावच्या जमिनीचं मिटवून टाकतो." काही नाही. आत्या म्हणाली, "नातीचं लग्न थाटात करू रे." नात तिथेच उभी होती, तिने आत्याकडे असं पाहिलं की कावळे उडालेच असते. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि आम्ही सुटलो.

मी चौतीस वर्षं विमा कचेरीत मृत्युदाव्यांच्या टेबलावर काढली. "नॉमिनी कोण?" हा प्रश्न मी जितक्यांदा विचारला असेल तितक्यांदा रामरक्षाही म्हटलेली नाही. कावळ्याबिवळ्यावर माझा विश्वास नाही. तरी त्या पावणेदोन तासांत मी मनातल्या मनात बाबांना तीन गोष्टी कबूल केल्या. एकही अजून पुरी केलेली नाही.

घरी येताना रिक्षात डोक्यात एकच घोळत होतं. आम्ही सहा शहाणी माणसं तिथे उभी होतो आणि बाबांना काय हवं होतं, ते काय मानत होते, हे एकालाही सांगता येत नव्हतं. बाबा रोज संध्या करायचे. पण त्यांचा पुनर्जन्मावर विश्वास होता का? कधी विचारलंच नाही. पॉलिसीचे नंबर मात्र तोंडपाठ होते.

म्हणून ही वही. मी घातली तशी कुणाला घालायची असेल तर कशी घालावी, ते सांगते.

वही आणि वेळ

वही साधी, शिवलेली, दोनशे पानी घ्या. मी अप्पा बळवंत चौकातून आणली. स्पायरलची नको, पानं फाडायचा मोह होतो. मोबाईलवर तर मुळीच नको; गेलेल्या माणसाच्या फोनचा पासवर्ड शोधत बसलेली घरं मी पाहिली आहेत.

मयताहून आल्या दिवशी लिहायला बसू नका. पितृपक्षात नको, आणि रिपोर्टची वाट बघत असाल तेव्हा तर नकोच. त्या दिवसांत माणूस एक तर सगळंच मानतो, नाही तर काहीच मानत नाही. मी मंगळवारी दुपारी बसते. जेवणं झालेली, ओटा आवरलेला, आमचे हे पेपर तोंडावर घेऊन झोपलेले. मरणाबद्दल लिहायला अशी कंटाळवाणी वेळच बरी.

आणि प्रत्येक नोंदीखाली तारीख, सही. याला कचेरीची खोड म्हणा, पण तारीख नसलेलं मत म्हणजे तारीख नसलेला चेक. चार वर्षांपूर्वी मी "मेल्यावर काही नाही, विषय संपला" असं लिहिलंय. पुढच्याच वर्षीच्या एका पानावर "काहीतरी असावं" आहे. आधीचं खोडलं नाही. दोन्ही मीच.

पहिलं पान देवाला देऊ नका

पहिल्याच ओळीत 'देव आहे' किंवा 'देव नाही' असं लिहिलं की वही तिथेच मिटते. माझं तेच झालं होतं. 'देव ही एक शक्ती आहे' असं टेचात लिहिलं आणि दोन दिवसांनी वाचलं तर ते वाक्य माझं नव्हतंच. कुठल्या तरी मंगल कार्यालयात पंगतीला शेजारी बसलेल्या गृहस्थांचं होतं.

त्यापेक्षा पहिली चार पानं तुम्ही जवळून पाहिलेल्या मरणांना द्या. कोण गेलं, तुम्ही कुठे होतात, काय दिसलं. विचार नकोत, नुसतं दिसलं ते. माझ्या वहीत पहिली आजी आहे. सदाशिव पेठेतला वाडा, मी नऊ वर्षांची. आजीच्या तोंडात तुळशीपत्र ठेवलेलं. आई म्हणाली, आजी देवाघरी गेली. मी विचारलं, कुठल्या पेठेत? आई रडता रडता हसली होती, आणि आजीच्या मरणातलं मला सगळ्यांत स्पष्ट आठवतं ते हेच.

दुसऱ्या सासूबाई. स्वयंपाकघरात मटार सोलता सोलता गेल्या. पातेल्यात सोललेले दाणे, परातीत शेंगांचा ढीग. ते दाणे मी दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता टाकून दिले. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. अजून मटार सोलायला बसले की एकही दाणा खाली पडू देत नाही, कारण त्या बघताहेत. चारचौघांत मला कुणी 'मेलेली माणसं बघतात का' असं विचारलं तर मी 'छे' म्हणेन. पण माझे हात तसं म्हणत नाहीत. वहीत हे हातांचं मतही यायला हवं, म्हणून आधी मरणं.

चार रकाने

आता पानाचे चार रकाने पाडा. माहीत आहे, वाटतं, हवं आहे, भीती आहे. या पुढे जे काही लिहाल ते यांतल्या एकात बसवायचं.

माझ्या 'माहीत आहे' खाली इतक्या वर्षांत दोनच ओळी जमल्या आहेत. एक, माणूस जातो. दोन, दाव्याच्या कागदावर सही करताना सगळ्यांचा हात थरथरतो, भांडून वेगळ्या राहिलेल्या सुनेचासुद्धा. 'वाटतं'मध्ये सासूबाई आणि मटार. 'हवं आहे'मध्ये, बाबांना एकदा विचारता यावं की त्या दिवशी तुमचं नेमकं काय अडलं होतं. 'भीती' या रकान्यात मला वाटलं होतं 'काहीच नसेल' असं येईल. आलं भलतंच. सगळे भेटतील आणि मला ओळखणार नाहीत.

या विषयावरची बहुतेक भांडणं रकाना चुकल्यामुळे होतात. 'हवं आहे'मधली गोष्ट माणूस 'माहीत आहे'मध्ये लिहितो आणि मग ती वाचवायला आयुष्यभर वाद घालतो. माझा मोठा दीर आत्म्यावर दोन तास बोलू शकतो. वहिनी गेल्यापासून बोलतो. त्याचा रकाना कोणता ते आम्हां सगळ्यांना कळतं, म्हणून कुणी वाद घालत नाही.

देवाचं पान

इथे आठवडाभर काही लिहायचं नाही, फक्त मोजायचं. दगडूशेठसमोरून रिक्षा जाते तेव्हा हात छातीशी जातो का? बस चुकली की 'अरे देवा' तोंडात येतं, ते कुणाला उद्देशून? चांगलं काही झालं तरी आठवण होते का? माझा पहिल्या आठवड्याचा हिशेब अकरा वेळा. त्यांतले नऊ वेळा पीएमटीच्या बशीपायी (पीएमपीएमएल म्हणायला माझी जीभ वळत नाही), एकदा हरवलेल्या किल्लीसाठी आणि एकदा, किल्ली सापडल्यावर.

मग तीन प्रश्न: तुमचा देव ऐकतो का? मध्ये पडतो का? हिशेब ठेवतो का? या तिन्हींना वेगवेगळी उत्तरं देणारी माणसं आपण एकाच 'आस्तिक' या पोत्यात भरतो. वारकऱ्याचा विठ्ठल ऐकतो, वर भांडणही ऐकून घेतो. महात्मा फुल्यांनी जग घडवणाऱ्याला 'निर्मिक' म्हटलं. त्याच्यापर्यंत पोचायला मधला भटजी लागत नाही हा त्यांचा मुद्दा. अद्वैतवाल्याला विचाराल तर ऐकणारा आणि बोलणारा दोन कुठे आहेत, असं तोच विचारेल. माझी उत्तरं: ऐकतो, असं वाटतं. मध्ये पडत नाही. हिशेब ठेवत नसावा. हिशेब मी चौतीस वर्षं ठेवले, देवाने तरी काहीतरी बरं काम करावं.

पुनर्जन्माचं पान

याला मी चौदा पानं घालवली. 'पुनर्जन्म आहे का' याच्या आधी 'कुणाचा?' हे लिहा, नाही तर गोल गोल फिराल. परत येणार ते नेमकं काय? नाव तर नाही. चेहराही नाही. आठवणी नसतील तर उरलं काय?

आपल्याकडे याची निदान तीन-चार उत्तरं आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. गीतेतला कपड्यांचा दाखला सगळ्यांना पाठ आहे: जुनं वस्त्र टाकून नवं घालावं तसा देही नवं शरीर घेतो. म्हणजे घालणारा तोच. बौद्ध म्हणतात, घालणारा कुणी नाहीच. मिलिंद राजाला नागसेनाने दिलेलं उत्तर मला फार आवडतं: एका दिव्यावर दुसरा दिवा लावला, तर पहिल्यातून दुसऱ्यात काही उडून गेलं का? नाही. पण पहिला नसता तर दुसराही लागला नसता. जैनांच्या लेखी कर्म म्हणजे नुसता हिशेब नाही, ते सूक्ष्म द्रव्यच आहे आणि ते जिवाला चिकटतं. चार्वाक तर सरळ विचारतो, जळून राख झालेला देह परत कुठून येणार? माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण कॅम्पातली, ख्रिश्चन. तिच्या मते जन्म एकच, पुढे थेट पुनरुत्थान. आमचे अकाउंट्सचे साहेब मुसलमान, त्यांचाही जन्म एकच, मग कयामतीचा दिवस. डबा खाताना मी एकदा म्हटलं, तुम्हांला एकाच परीक्षेत पास व्हायचंय, आम्हांला एटीकेटी आहे. साहेब इतके हसले की ठसका लागला.

आणि तुकोबा बघा. मोक्ष ज्याच्यासाठी सगळे तडफडतात तो नको म्हणतात. तुझा विसर पडू देऊ नको, मग खुशाल गर्भवासात घाल. पुनर्जन्म ही शिक्षाच, असं ज्यांना वाटतं त्यांनी देहूला एक चक्कर मारून यावी.

पुराव्याचं काय करायचं? तेही लिहा, पण दोन्ही बाजूंनी. आपल्याच नागपुरात १९७४ साली एका मराठी प्राध्यापिकेच्या तोंडून बंगाली येऊ लागलं; ती स्वतःला शारदा म्हणवायची आणि जुन्या काळच्या बंगालातली असल्यासारखी वागायची. व्हर्जिनिया विद्यापीठाचे इयान स्टीव्हनसन यांनी त्याचा अभ्यास केला. बाईंनी पूर्वी थोडं बंगाली शिकल्याचंही त्यात पुढे आलं. मानणारे पहिला भाग सांगतात, न मानणारे दुसरा. तुम्ही दोन्ही लिहून ठेवा आणि रकाना 'वाटतं' हाच ठेवा.

घरातला पुरावा जास्त चिवट असतो. माझी भाची तिच्या आजीनंतर तेरा महिन्यांनी जन्मली. आजीसारखी डावरी. आजीसारखीच वरणात साखर मागते. 'आजीच आली पोटी' असं घरात सगळे म्हणतात. डावरी माणसं जगात पुष्कळ असतात हे मलाही कळतं. पण ती साखर मागते तेव्हा मी इतरांपेक्षा अर्धा चमचा जास्त घालते. हेही पानावर आहे.

वटपौर्णिमेला सूत गुंडाळून मी कितीतरी वर्षं सात जन्मांचा अर्ज केला. वहीच्या निमित्ताने त्याचा पहिल्यांदा विचार केला. सध्या अर्ज नूतनीकरणासाठी प्रलंबित आहे.

अडलात तर नचिकेत्याची आठवण ठेवा. थेट यमाच्या दारात बसून त्याने तिसऱ्या वराला हेच विचारलं: माणूस गेल्यावर असतो की नसतो? यमसुद्धा आधी टाळाटाळ करतो, दुसरं काही माग म्हणतो, हत्ती-घोडे, सोनं देऊ करतो. ज्याच्या खात्याचा विषय, तोच फाईल पुढे सरकवायला तयार नाही. तुमची मंगळवारची दुपार कोरी गेली तर वाईट वाटून घेऊ नका.

वही उलटी करा

आता वही उलटी करून मागच्या बाजूने सुरुवात करा. पुढून 'मी काय मानते', मागून 'माझं काय करायचं'. या दोन बाजू जुळल्याच पाहिजेत असं मुळीच नाही. मी कावळा मानत नाही, पण माझा पिंड ओंकारेश्वरावर मांडावा असं लिहिलंय, कारण माझ्या भावजयीला त्याशिवाय झोप लागणार नाही. फक्त पुढे एक अट घातली आहे: अर्धा तास थांबा, मग सरळ दर्भाचा करा. आश्वासनं कुणी द्यायची नाहीत.

त्या घाटावर बसलं की वरचा शिंदे पूल दिसतो. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना त्याच पुलावर गोळ्या घातल्या. खाली पिंडदान, वर ती जागा. माझ्या वहीची पुढची आणि मागची बाजू लिहिताना मला दर वेळी ते दोन्ही एकदम दिसतं आणि पेन थोडा वेळ थांबतो.

मागच्या बाजूला कामाच्या गोष्टी नेमक्या शब्दांत हव्यात. 'साधेपणाने करा' असं लिहू नका. साधेपणा म्हणजे काय यावर भावंडं भांडतात. वैकुंठ स्मशानभूमीत लाकडावर की विद्युतदाहिनीत, ते लिहा. अस्थी कुठे, लिहा. तेरावं घालायचं की ते पैसे कुठे द्यायचे, लिहा. नेत्रदान करायचं असेल तर ती ओळ सगळ्यांत वर आणि मोठ्या अक्षरांत, कारण ते साधारण सहा तासांच्या आत व्हावं लागतं: पापण्या मिटवायच्या, वर ओला कापूस, डोक्याखाली उशी, पंखा बंद. चष्मा असला, मधुमेह असला तरी चालतं. देहदानाचा फॉर्म भरून ठेवला तरी ऐन वेळी हलायचं असतं ते घरच्यांनाच, म्हणून त्यांना आधीच सांगा. शवविच्छेदन झालेला देह सहसा घेत नाहीत, हेही त्यांना माहीत असू दे. शेवटच्या आजारात नळ्या किती दिवस ठेवायच्या, याचा कागद वेगळा करायचा. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला तो अधिकार मान्य केला आणि २०२३ मध्ये रीत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. नुसती वही त्याला पुरत नाही. वही म्हणजे मृत्युपत्रही नव्हे. पैशाअडक्याचं यात आणू नका, नाही तर पुनर्जन्माची पानं कुणी वाचणारच नाही.

आणि लिहिलं म्हणजे तसंच होईल, असंही धरून चालू नका. फुल्यांनी आपला देह मिठात घालून पुरावा अशी इच्छा सांगून ठेवली होती. १८९० मध्ये ते गेले तेव्हा राहत्या वस्तीत पुरायला परवानगी मिळाली नाही, दहन करावं लागलं. पण अंत्ययात्रेत टिटवं (प्रेतापुढे न्यायचं मडकं) धरून सावित्रीबाई पुढे चालल्या. इच्छेतली एक गोष्ट हुकली आणि कुणी कल्पनाही केली नसेल अशी दुसरी घडली.

आगरकरांचं मला अजून जवळचं वाटतं. देव-परलोक न मानणारा माणूस. पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली, ती त्यांनी पाहिली. १८९५ साली चाळिशीही न गाठता गेले. दहनाच्या खर्चाचे पैसे त्यांनी आधीच पुरचुंडीत बांधून ठेवले होते म्हणतात. मात्र बायकोच्या देवधर्माच्या आड ते आले नाहीत. वही लिहिताना हे शेवटचं विसरू नका. घरातल्या दुसऱ्याच्या देवाला तुमच्या वहीत जागा ठेवा, निदान समासात.

वाचायला कधी द्यायची

लपवून ठेवायची नाही. आमची गॅसच्या पुस्तकाच्या खणात असते. लेकीने पुढची बाजू वाचली आणि दोन दिवस फोन केला नाही, तिसऱ्या दिवशी फोन करून म्हणाली, "आई, मटारांचं मला कधी सांगितलं नाहीस." मुलगा बंगळुरूहून आला होता, त्याने मागची बाजू मोबाईलवर फोटो काढून घेतली आणि पुढची वाचली नाही. ज्याची त्याची रीत.

आमच्या ह्यांना मी वेगळी वही आणून दिली होती. दीड वर्षं कोरी. "मी काय लिहू, मी आहे की अजून," म्हणायचे. गेल्या महिन्यात गॅसचं पुस्तक काढताना माझी वही खाली पडली आणि शेवटचं पान उघडलं. त्यावर पेन्सिलीने, त्यांच्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात: 'दहाव्याला माझ्यासाठी ताटकळू नये. काही राहिलेलं नाही. गरम कांदाभजी ठेवल्यास कावळ्याच्या आधी मीच येईन.'

मी वही पुढे केली आणि म्हटलं, "अहो, तारीख आणि सही." त्यांनी चष्मा शोधला, सही केली, आणि तारीख मागच्या वर्षीची टाकली.